निःशब्द मोटारीचे कारागीर : हेन्री रॉइस

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या पदरी १९०८ साली एक रोल्स-रॉइस मोटार आली. तिचे नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’. मुंबई-कोल्हापूर मार्गावरील चाचणी-शर्यतीत सह्याद्रीचे घाट पार करून तिने आपली योग्यता सिद्ध केली होती. हैदराबादच्या निजामांनीही पुढे याच कंपनीकडून सिंहासनवजा उंच आसनाची पिवळी मोटार करवून घेतली. राजेरजवाड्यांची ही वाहने ज्यांच्या बुद्धीतून निघाली, त्या हेन्री रॉइस यांचे बालपण मात्र अर्धपोटी गेले होते.

रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील ऑलवॉल्टन या खेड्यात झाला. वडिलांची पिठाची गिरणी बुडाली, कुटुंब लंडनला आले आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. त्याने वृत्तपत्रे विकली, तारा घरोघरी पोहोचविल्या. मावशीच्या पैशांवर पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. पण तीन वर्षांत तो आधारही संपला आणि शिक्षण अर्धवट राहिले. १८८४ मध्ये त्यांनी मँचेस्टरला अर्नेस्ट क्लेअरमाँट यांच्यासह विजेच्या सामानाचा लहानसा कारखाना काढला. स्वतःची शिल्लक होती वीस पौंड. दरवाजावरील घंटांपासून सुरू झालेले काम डायनामो आणि विजेच्या याऱ्यांपर्यंत पोहोचले.

रॉइस यांनी एक फ्रेंच बनावटीची जुनी मोटार विकत घेतली. तिचा खडखडाट त्यांना सहन होईना. तेव्हा त्यांनी स्वतःच मोटार बांधायला घेतली आणि १ एप्रिल १९०४ रोजी ती कारखान्याबाहेर पडली. नवे असे तीत फारसे काहीच नव्हते. प्रचलित रचनेतील प्रत्येक भाग पुन्हा तपासून, तासून, तोलून बसविला होता, एवढेच. माझ्या मते रॉइस यांची खरी प्रतिभा हीच. महिनाभरात, ४ मे रोजी, उमराव घराण्यातील मोटारविक्रेते चार्ल्स रोल्स त्यांना मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात भेटले आणि दोन नावे जोडली गेली.

पुढची सहा सिलिंडरची मोटार ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून जगाला ठाऊक झाली. त्या काळी लांब इंजिनांचा क्रँकशाफ्ट थरथरून मोडत असे. रॉइस यांनी तो भक्कम करून सात बेअरिंगांवर तोलला. इंजिन सात लिटरचे, पण आवाज जवळजवळ नाहीच. मोठ्या मोटारीची मोहिनी वेगात असते हा समज या गाडीने खोटा ठरविला. चढण असो वा गर्दी, गियर न बदलता ती वरच्या गियरमध्येच सरकत राही. चालकाला झटावे लागत नसे आणि मागे बसलेल्याला यंत्राचे अस्तित्व जाणवत नसे. १९०७ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तिने पंधरा हजार मैल कापले. नंतर गाडी सुटी करून तपासली, तेव्हा ती नव्यासारखी करण्यास लागलेल्या भागांचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. राजवाड्यात मिरविणाऱ्या या गाडीचा असा कसोटीचा कागद सोबत असे, हे विसरले जाते.

याची किंमत रॉइस यांच्या शरीराने मोजली. कामात ते जेवण विसरत. कारखान्यातील पोरगा दुधाचा पेला घेऊन त्यांच्यामागे फिरे. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेले, पाठोपाठ रॉइस यांची प्रकृती ढासळली. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी त्यांना डर्बीच्या कारखान्यापासून दूर, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि पुढे ससेक्समधील वेस्ट विटरिंगला ठेवले. आपल्याच कारखान्याला ते पारखे झाले. आराखडे काढणारी मंडळी जवळ राहत आणि कागद डर्बीला जात. अशा परक्या अंतरावरून त्यांनी पहिल्या महायुद्धात ‘ईगल’ हे विमानाचे इंजिन आखले, १९२५ मध्ये ‘फँटम’ मोटार आणली. १९३० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला, तरी स्वतःला ते मेकॅनिकच म्हणवत.

२२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत आखणी सुरू झालेले आणि पुढे ‘मर्लिन’ नावाने गाजलेले विमानाचे इंजिन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रथम चालू झाले. त्यांच्या अस्थी आधी डर्बीच्या कारखान्यात होत्या. १९३७ मध्ये त्या ऑलवॉल्टनच्या चर्चमध्ये नेण्यात आल्या.