कारखान्यास गांव कोणता निवडावा?

यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांपुढें दरसाल एकच प्रश्न उभा राहतो: आतां जावें कोठें? घरांतील वडील मंडळी व आप्तइष्ट ह्याचें उत्तर बहुधा एका शब्दांत देतात, आणि तो शब्द एखाद्या मोठ्या शहराचें किंवा परदेशाचें नांव असतें. जेथें पगार मोठा तें स्थळ उत्तम, असें हें गणित आहे. नोकरीपुरतें तें कदाचित् बरोबरहि असेल. परंतु ज्यास पुढेंमागें स्वतःचा कारखाना काढावयाचा आहे, त्यानें स्थळाची परीक्षा निराळ्या कसोटीनें केली पाहिजे, असें आमचें मत आहे. ती कसोटी कोरड्या उपदेशानें सांगण्यापेक्षां कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रावरून दाखविणें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें. कारण ह्या गृहस्थांनीं उमेदीच्या काळांत तीन वेळां स्थलांतर केलें, आणि तिन्ही वेळां त्याचें कारण निराळें होतें.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी; घरांत विद्येस मान, पण लोखंडाशीं कोणाचाच संबंध नव्हता. शाळेच्या पुस्तकी अभ्यासांत लक्ष्मणरावांचें मन रमेना. चित्रें काढावीं व यंत्रें खोलून पाहावीं, हे त्यांचे दोन नाद. वडील बंधु रामुअण्णा यांच्या साहाय्यानें ते १८८५ सालीं मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. हें पहिलें स्थलांतर विद्येकरितां होतें. तेथें कांहीं काळानें असें दिसून आलें कीं, त्यांच्या दृष्टीस कांहीं रंगांतील भेद नीट उमगत नाहीं. चित्रकारास ह्याहून मोठें विघ्न तें कोणतें? परंतु हातपाय गाळून गांवीं न परततां त्यांनीं यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ह्या संस्थेंत ते शिक्षक झाले. मुंबईनें त्यांस काय दिलें, हें नीट पाहिलें पाहिजे. तेथें यंत्रें होतीं, तीं चालविणारीं माणसें होतीं, आणि परदेशांत काय चाललें आहे त्याची वार्ता सर्वांआधीं तेथें पोंचत असे. शिकण्यास मोठें शहर चांगलें, ह्याविषयीं आमचा वाद नाहीं.

दुसरें स्थलांतर मानहानीमुळें झालें. संस्थेंत बढतीची वेळ आली तेव्हां ती लायक लक्ष्मणरावांस न मिळतां एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. त्या काळीं अशा प्रसंगीं अर्ज करावा, विनवणी करावी आणि शेवटीं नशिबास बोल लावून गप्प बसावें, अशी आमच्या सुशिक्षितांची रीत होती. लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगांवास परतले. तेथें १८८८ पासून बंधूंचें सायकलींचें दुकान चालू होतें. मुंबईहून लक्ष्मणरावांनीं सायकली धाडाव्या व रामुअण्णांनीं त्या विकाव्या, अशी व्यवस्था होती. म्हणजे नोकरी सोडण्यापूर्वींच पाय टेकण्यापुरती जागा त्यांनीं करून ठेविली होती. आमच्या व्यापारी वाचकांच्या ध्यानांत ही गोष्ट यावी. ज्यास धाडस म्हणतात, त्याच्या मुळाशीं बहुधा अशी दहा वर्षांची तयारी असते.

बेळगांवांत त्यांचें लक्ष शेतकऱ्याकडे वळलें. प्रथम कडबा कापण्याचें यंत्र आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर त्यांनीं तयार केला. परदेशी मासिकें वाचून, परदेशी नांगर समोर ठेवून, पण आपल्या जमिनीस व आपल्या बैलांस साजेल अशा बेतानें त्यांनीं तो घडविला. शेतकरी मात्र जवळ येईना. लोखंडाच्या स्पर्शानें जमीन विषारी होते, अशी त्याची समजूत! कित्येक दिवस नांगर पडून राहिले. मुंबईंत राहून केवळ पत्रव्यवहारानें ही समजूत दूर झाली नसती. शेतांत उतरूनच ती दूर करावी लागली. गिऱ्हाईक जेथें राहतें तेथें कारखानदारानें राहावें, हा ह्या दुसऱ्या स्थलांतराचा धडा आहे.

काम वाढूं लागलें तोंच नगरपालिकेनें शहराची वस्ती वाढविण्याच्या योजनेसाठीं कारखान्याची जागा मागितली. कायद्याच्या दृष्टीनें नगरपालिका कदाचित् निर्दोष असेल. वकिली करणाऱ्या आम्हांस हें ठाऊक आहे कीं, सार्वजनिक कामासाठीं खाजगी जमीन घेण्याचा अधिकार हा कोणत्याहि नगरव्यवस्थेस लागतोच. परंतु अधिकार असणें निराळें आणि तो वापरण्याचा विवेक असणें निराळें. घरें बांधावयाचीं म्हणून, त्या घरांतील माणसांस पोसणारी भट्टीच गांवाबाहेर घालविणें ही कसली दूरदृष्टि? बेळगांवानें त्या दिवशीं काय गमावलें हें पुढील पन्नास वर्षांनीं दाखविलें.

ह्या सुमारास औंध येथील मंदिराच्या सभामंडपाचें काम लक्ष्मणरावांकडे होतें. तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांस त्यांची अडचण कळतांच त्यांनीं आपल्या संस्थानांत जागा देऊं केली व दहा हजार रुपयांच्या कर्जाचीहि सोय केली. कुंडल रोड नांवाच्या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकरांची ती जमीन होती. निवडुंग आणि साप ह्यांखेरीज तेथें कांहीं नव्हतें. १९१० सालीं सुमारें पंचवीस कामगार व त्यांचीं कुटुंबें घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. तीच आजची किर्लोस्करवाडी होय.

शहाण्या माणसानें ही जागा नापसंत केली असती. बाजारपेठ नाहीं, शाळा नाहीं, वैद्य नाहीं, पिण्याच्या पाण्याचीहि वानवा. मग तेथें होतें काय? आमच्या मतें तीन गोष्टी होत्या. पहिली, पुणें-मिरज मार्गावरील रेल्वे: कच्चें लोखंड व कोळसा आणावयास आणि नांगर धाडावयास वाट होती. दुसरी, सभोंवार शेतकरी, म्हणजे गिऱ्हाईक. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, उद्योग व्हावा असें मनापासून वाटणारें राज्य. औंध संस्थान लहान व तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें. पण कराडजवळील ओगलेवाडीचा कांचकारखानाहि त्याच्याच हद्दींत १९१६ सालीं उभा राहिला, हा योगायोग नव्हे. विहीर खणतां येते, घर बांधतां येतें, निवडुंग तोडतां येतो; परंतु सरकारी कचेरींतील माणसाचें मन कुदळीनें बदलतां येत नाहीं.

माणसेंहि पगारावर जमलीं नव्हतीं. यंत्रकामांत शंभुराव जांभेकर, हिशेबांत मंगेशराव रेगे, कारागिरींत अनंतराव फळणीकर आणि वसाहतीच्या व्यवस्थेंत रामुअण्णा, असे सहकारी लक्ष्मणरावांस लाभले. ह्यांतील कित्येकांस परीक्षेच्या बाजारांत कोणी विचारलें नसतें. शिक्षा भोगून आलेल्या इसमांस त्यांनीं पहाऱ्यावर नेमलें आणि ते विश्वासास उतरले. वाडींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा दंडक होता. ज्या काळीं मोठमोठ्या शहरांतील सुशिक्षितांच्या घरीं हा दंडक पाळला जात नव्हता, त्या काळीं निवडुंगाच्या माळावर तो पाळला गेला. जुन्या गांवांत जुनी रूढि मोडण्यास पिढ्या लागतात. नव्या गांवांत ती आंतच येऊं न देतां येते. स्थलांतराचा हा लाभ कोणत्याहि जमाखर्चांत दिसत नाहीं, पण आम्हीं तो फार मोठा मानतों.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. परदेशी नांगर येईनासे झाले व किर्लोस्करांच्या मालास मागणी वाढली. पण लोखंड व कोळसा मिळण्याचीहि मारामार झाली. त्या ओढाताणींतून कारखाना तरला, आणि १९२० सालीं त्याची मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विद्यालयांत शिकून १९२६ सालीं परतले आणि त्याच माळावर कामास लागले. परदेशीं जाणें हा दोष नव्हे, हें ह्यावरून उघड आहे. आणलेली विद्या कोठें खर्च करावयाची, हा खरा प्रश्न आहे.

येथें एक आक्षेप येईल. एका राजाच्या कृपेवर उद्योग उभारणें धोक्याचें नव्हे काय? धोक्याचें आहे. १९४८ सालीं महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला, आणि त्याच साली औंध संस्थानहि मुंबई प्रांतांत विलीन झालें. ज्या माळानें आसरा दिला, तेथेंच वृद्ध लक्ष्मणरावांस ही राख पाहावी लागली. कारखाना पुन्हां उभा राहिला, कारण काम जाणणारीं माणसें शाबूत होतीं. कोणतेंहि स्थळ कायमचें निर्भय नसतें. म्हणूनच पुढच्या पिढीनें एका गांवास कवटाळून न बसतां १९४१ सालीं तुंगभद्रेच्या कांठीं हरिहरास यंत्रें घडविणारीं यंत्रें, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस तेलावरील एंजिनें व बंगलोरास विजेचीं मोटारयंत्रें, असे निरनिराळे उद्योग निरनिराळ्या ठिकाणीं मांडले. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव वारले, तेव्हां हा सर्व पसारा त्यांच्या दृष्टीसमोर होता.

तेव्हां तरुणांस आमचें सांगणें इतकेंच कीं, जेथें शिकावयास मिळेल तेथें अवश्य जा. पण जेथें लायकीपेक्षां दुसऱ्याच कांहीं गोष्टीस मान आहे तेथें जन्म काढूं नका. कारखान्यासाठीं जागा पाहतां शहराचा झगमगाट न पाहतां वाहतूक, गिऱ्हाईक व राज्यकर्त्यांची वृत्ति पाहा. व्यापाऱ्यांस आमचें सांगणें असें कीं, दहा हजारांचें कर्ज योग्य माणसास योग्य वेळीं मिळालें, म्हणून एक गांव वसला. आपल्या पेढीवर असा माणूस आला तर त्यास केवळ तारण विचारून वाटेस लावूं नका. आणि आमच्या नगरपालिकांस विचारावयाचें तें हें: आपल्या मुलांनीं गांव सोडला म्हणून आपण हळहळतों, परंतु त्यांपैकीं एखाद्यानें उद्यां भट्टीसाठीं चार गुंठे जागा मागितली, तर आपण त्यास बेळगांवचें उत्तर देणार कीं औंधचें?