दंडावरची बीसीजीची खूण अन् सर्पदंशाचं इंजेक्शन, दोन्हींमागे एकच डॉक्टर

पावसाळा लागला की बांधावर, गोठ्यात साप निघू लागतात. विषारी साप चावल्यावर दवाखान्यात शिरेतून जे औषध देतात, त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे फ्रान्सचे डॉ. आल्बेर काल्मेत.

त्यांचा जन्म १८६३ चा, नीस शहरातला. आधी ते आरमारात डॉक्टर होते. १८९१ मध्ये लुई पाश्चर यांच्या संस्थेची शाखा काढायला ते व्हिएतनाममधल्या सायगावला गेले. त्याच सुमारास तिकडच्या एका गावात पुरामुळे नाग शिरले. ४० जणांना दंश झाला, त्यातले चौघे दगावले. पकडलेले नाग पिंपात घालून काल्मेत यांच्याकडे पाठवण्यात आले. तिथून त्यांनी विषाचा अभ्यास सुरू केला.

आधी रसायनं वापरून पाहिली, पण यश आलं नाही. मग वेगळी वाट धरली. जनावराला अगदी थोडं विष टोचायचं आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. त्याच्या रक्तात विषाला मारक घटक तयार होतात. हेच औषध १८९४ मध्ये जगापुढे आलं. त्याच वेळी पॅरिसमध्ये आणखी दोघा संशोधकांनीही तेच सिद्ध केलं. पुढे लील शहरात घोड्यांपासून हे औषध बनू लागलं.

पण एक चूक झाली. नागाच्या विषावरचं औषध सगळ्याच विषारी सापांवर चालेल, असं काल्मेत यांना वाटत होतं. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि भारतातल्या डॉक्टरांनी ते खोटं ठरवलं. आपल्याकडच्या घोणसीवर त्या औषधाचा उपयोग होत नव्हता. म्हणूनच आज भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांचं विष वापरून औषध बनवतात.

क्षयावरची बीसीजी लसही काल्मेत यांचीच. सहकारी गेरँ यांच्यासोबत त्यांनी तिच्यावर १३ वर्षं घालवली. १९२१ मध्ये ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात ही लस दिलेली ७० हून जास्त बाळं दगावली. दोष लसीचा नव्हता, तिथल्या प्रयोगशाळेत तिच्यात क्षयाचे जिवंत जंतू मिसळले गेले होते. तरी बोल काल्मेत यांनाही लागला. १९३३ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचं औषध आज सरकारी दवाखान्यात मिळतं. पण ते वेळेत शिरेत गेलं तरच जीव वाचतो. साप चावला तर मंत्र, जडीबुटी, जखम कापणं, घट्ट आवळणं यात वेळ घालवू नका. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा अन् थेट दवाखाना गाठा.