लंडनच्या खोलीतले चार पापड

चिखलीची आमची एक मैत्रीण शिकायला इंग्लंडला निघाली आहे. परवा तिच्या घरी गेले तर बॅग वजनकाट्यावर होती आणि मायलेकींचं भांडण जुंपलं होतं. विमानात 23 किलो न्यायला परवानगी. आईला त्यात खारोड्या, बिबडे, मुगवड्या, जवसाची चटणी आणि उडदाचे पापड कोंबायचे होते, हिला पुस्तकं. पापडांचा डबा तीनदा आत गेला आणि तीनदा बाहेर आला.

मला आठवले ते बाबासाहेब. दर 14 एप्रिलला आपण त्यांच्या नावाने सलग 18 तास अभ्यासाला बसतो. त्या 18 तासांत ते खात काय होते, हे मात्र आपण फारसं विचारत नाही.

भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. झाले तेव्हा घरची स्थिती बेताचीच होती. फेब्रुवारी 1913 मध्ये वडील, सुभेदार रामजी, गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड. बदल्यात परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची, असा करार. जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय 22, म्हणजे आत्ता माझं आहे तेवढंच.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले. कारण जेवण! अर्धवट शिजलेलं मांस पुढ्यात यायचं, ते घशाखाली उतरेना. मग भारतीय मुलं राहत होती त्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र खोलीत सोबतीला मिळाला, तो आयुष्यभराचा. मेसचं जेवण आवडलं नाही म्हणून रूम बदलणाऱ्यांनी लाजायचं कारण नाही, एवढं मी इथे हळूच सांगून ठेवते.

सुरुवातीचे काही महिने मित्र, गप्पा, खेळ यांत गेले. नंतर मात्र त्यांनी स्वतःला पुस्तकांना जुंपून घेतलं. साडेअकरा पौंडांतून मुंबईला रमाबाईंना पैसे पाठवायचे, शिवाय न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचंच. असं करत त्यांनी दोनेक हजार पुस्तकं जमवली. कात्री लागली ती जेवणाला. कॉफी, दोन मफिन आणि मांसाची किंवा माशाची एखादी डिश, की झालं. 1915 मध्ये एम.ए., 1916 मध्ये जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध, मग लंडन. तिथे शिक्षण सुरू होतं न होतं तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये परतावं लागलं. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं महायुद्धात बोटीसकट बुडाली. उपाशी राहून घेतलेली पुस्तकं होती ती.

बडोद्याला काय झालं, ते आपण शाळेत वाचलेलं आहे. जात कळल्यावर राहायला जागा मिळाली नाही, नोकरी सुटली. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार 450 रुपये. राहणं परळच्या चाळीत, दोन खोल्यांत. त्या पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले आणि जुलै 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. सगळा खर्च स्वतःच्या खिशातून आणि उसनवारीतून.

पत्ता : 10, किंग हेन्रीज रोड. (ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे.) घरमालकीण मोठी कडक आणि हात त्याहून आखडता. सकाळी माशाचा तुकडा किंवा टोस्ट, थोडा जॅम, एक कप चहा. एवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे. बसचे पैसे वाचावेत म्हणून बरंचसं चालणं पायीच. ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथून उठायचं नाही, म्हणजे दुपारचं जेवण बादच. रात्री घरी काय, तर कपभर बोव्हरिल, बिस्किटं आणि लोणी. बोव्हरिल म्हणजे मांसाचा घट्ट अर्क गरम पाण्यात ढवळायचा. अंगात ऊब येते, पोट काही भरत नाही.

रात्री दहाच्या सुमाराला भुकेने जीव कासावीस व्हायचा. ओळखीच्या एका गुजराती गृहस्थांनी पापड दिले होते. त्यातले चार काढायचे, पत्र्यावर भाजायचे, सोबत कपभर दूध. खाऊन झालं की पुन्हा पुस्तक, ते पहाटेपर्यंत.

चार पापड आणि कपभर दूध म्हणजे आजच्या हिशोबात साधारण 300 कॅलरी. उडदाची डाळ आणि दूध, म्हणजे थोडं प्रोटीनही आलं. त्यांच्या दिवसभराच्या खाण्यात सगळ्यात शहाणपणाचं खाणं हेच असावं, असं मला वाटतं.

ही उपासमार आपण कौतुकाने सांगतो, ते मला पटत नाही. बाबासाहेबांना खायला नको होतं असं नाही, पैसे पुरत नव्हते. आणि का पुरत नव्हते ते बघण्यासारखं आहे. 1920 मध्ये सरकारने रुपयाचा भाव 2 शिलिंग धरला होता. त्या भावाने 1000 रुपयांचे 100 पौंड व्हायचे. पण भाव टिकला नाही. 1921 उजाडेपर्यंत रुपया 1 शिलिंग 4 पेन्सच्या आसपास घसरला, म्हणजे त्याच हजार रुपयांचे जेमतेम 67 पौंड. मुंबईत साठवलेल्या पैशांवर लंडनमध्ये जगणाऱ्याच्या ताटातला तिसरा हिस्सा असा बसल्या जागी नाहीसा होतो. एज्युकेशन लोन काढून डॉलरचा भाव रोज मोबाइलवर बघणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सप्टेंबर 1921 मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंड कर्जाऊ मागितले. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर ओढत होत्या. लंडनच्या पापडांची गोष्ट सगळे सांगतात, परळच्या चुलीची फार कमी जण.

त्याच खोलीत त्यांनी कोणता विषय धरला होता, तर रुपयाचा! रुपयाची किंमत कशाने ठरते, ती का ढासळते आणि त्याची झळ कोणाला बसते. ऑक्टोबर 1922 मध्ये प्रबंध सादर केला. परीक्षकांना तो फार जहाल वाटला, दुरुस्त्या सांगितल्या गेल्या. हातात पैसे नसल्याने दुरुस्तीचं काम 1923 च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतून करावं लागलं. ते त्यांनी केलं, निष्कर्ष तेच ठेवले आणि 1923 मध्येच डी.एस्सी. मिळवली. वर्षअखेरीला लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो ग्रंथ छापला.

1925 मध्ये त्यांचं प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक आलं, ते त्यांनी शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल सयाजीराव महाराजांना अर्पण केलं. पापड देणाऱ्या गृहस्थांना मात्र अर्पणपत्रिका मिळाली नाही.

मैत्रिणीच्या बॅगेचं म्हणाल तर पुस्तकं ती आता पीडीएफमध्ये नेते आहे. पापडांचा डबा चौथ्यांदा आत गेला आणि बॅग भरली साडेबावीस किलो.