ट्यूलिपचा पहिला माळी

ट्यूलिप म्हटले की हॉलंड आठवते. पण हे फूल मूळचे मध्य आशियातल्या डोंगरउतारांवरचे. तुर्की सुलतानांच्या बागांतून ते युरोपात आले. हॉलंडच्या मातीत ते रुजविण्याचे श्रेय मुख्यतः ज्याला जाते, त्या कॅरोलस क्लुसियसचे नाव मात्र आपल्याला क्वचितच ठाऊक असते.

क्लुसियसचा जन्म १५२६ साली आरास येथे झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. त्याने कायद्याचा अभ्यास केला, पण मन रमले ते झाडाझुडपांत. आपल्या गोव्याशीही त्याचा एक धागा जुळतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. क्लुसियसने तो संक्षेपाने लॅटिनमध्ये आणला आणि १५६७ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या आंब्या-सुपारीची माहिती युरोपातील पंडितांना झाली ती अशी.

१५७३ मध्ये बादशहाने त्याला व्हिएन्नाला बोलावले. पुढे बादशहा वारला, नव्याने नोकरी काढून घेतली. १५९३ मध्ये लायडन विद्यापीठाने त्याला बोलावले तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता आणि पायाने अधू झाला होता. १५९४ च्या वसंतात तिथल्या बागेत त्याचे ट्यूलिप फुलले.

त्यानेच एक हकीकत लिहून ठेवली आहे. अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याला कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर ट्यूलिपचे कंद आले. त्याने काही भाजून तेल-व्हिनेगर घालून खाल्ले, उरलेले कोबीच्या वाफ्यात टाकले. मला त्या व्यापाऱ्याचे हसू आले नाही. आमच्या घरी कांदाच पिकतो. माझ्या आईनेही ते कंद आमटीतच घातले असते!

क्लुसियस स्नेह्यांना कंद फुकट पाठवी. त्यांचा व्यापार मात्र त्याने केला नाही. तेव्हा लोकांनी ते चोरले. चोरांनी ते आपापल्या वाफ्यांत लावले आणि फूल गावोगाव पसरले. रंगांचे पट्टे उमटलेल्या फुलांवर लोक विशेष लुब्ध होते. असे रोप पुढे क्षीण होते, हे क्लुसियसने हेरले होते. त्याचे कारण विसाव्या शतकात कळले : मावा किडीमुळे पसरणारा विषाणू. मावा आम्हा शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा!

१६०९ मध्ये लायडनलाच तो वारला. पुढे याच पट्टेरी फुलांच्या एकेका कंदाला कारागिराच्या वर्षाच्या कमाईहून अधिक भाव आला, आणि १६३७ च्या फेब्रुवारीत तो एकाएकी कोसळला. लायडनच्या उद्यानात क्लुसियसच्या बागेची जुनी मांडणी पुन्हा उभारली आहे. वसंतात तिथे ट्यूलिप फुलतात.