विश्लेषण : रंग सांगताना जीभ का अडखळते? ‘स्ट्रूप इफेक्ट’ शोधणारे जॉन स्ट्रूप कोण होते?

‘लाल’ हा शब्द निळ्या रंगात लिहिलेला आहे. शब्द वाचायचा नाही, फक्त रंग सांगायचा. तरीही तोंडून पटकन ‘लाल’च निघते. मोबाइलवर फिरणाऱ्या या कोड्याचे मूळ जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी अध्यापकाच्या १९३५ मधील शोधनिबंधात आहे.

शेतकऱ्याचा मुलगा ते डॉक्टरेट

स्ट्रूप यांचा जन्म २१ मार्च १८९७ रोजी टेनेसी राज्यात शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी प्रकृती नाजूक असल्याने शेतातील जड कामांतून त्यांना सूट होती. नॅशव्हिलमधील डेव्हिड लिप्सकॉम्ब महाविद्यालयात ते शिकले. पुढे त्याच शहरातील जॉर्ज पीबॉडी महाविद्यालयातून १९३३ मध्ये त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

प्रयोग काय होता?

शब्द वाचण्यापेक्षा रंगाचे नाव सांगायला जास्त वेळ लागतो, हे जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १८८६ मध्येच दाखवले होते. स्ट्रूप यांनी शब्द आणि रंग यांची एकमेकांशी गाठ घालून दिली. लाल, निळा, हिरवा, तपकिरी आणि जांभळा या रंगांची नावे त्यांनी भलत्याच रंगांच्या शाईत छापली. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. चौकोनांच्या जागी असे फसवे शब्द येताच हाच वेळ ११०.३ सेकंदांवर गेला. उलट, रंगाकडे दुर्लक्ष करून नुसते शब्द वाचायला सांगितले, तेव्हा जेमतेम दोन सेकंद वाढले.

मेंदू का गोंधळतो?

यात डोळे फसत नाहीत. रंग अचूक दिसतो. मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने वाचन आपोआप होते, ते ठरवूनही थांबवता येत नाही. शब्दाचे उत्तर आधी तयार होते आणि ते बाजूला सारून रंगाचे नाव उच्चारायला मेंदूला वेळ लागतो. म्हणूनच अक्षरओळख नसलेले मूल या कोड्यात अडखळत नाही.

स्ट्रूप यांनी पुढे काय केले?

एवढा शोध लावूनही ते संशोधनात रमले नाहीत. लिप्सकॉम्ब महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, पण बायबल शिकवणे हेच आपले खरे काम मानले. त्यांनी प्रवचने दिली, धार्मिक पुस्तके लिहिली. १९६० च्या दशकात त्यांच्या प्रयोगाकडे संशोधकांचे नव्याने लक्ष गेले. ते स्वतः मात्र त्याकडे परतले नाहीत. १ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

१९९१ मध्ये घेतलेल्या आढाव्यात या परिणामावरील ७०० हून अधिक अभ्यासांची नोंद झाली. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचे लक्ष किती टिकते, मनात आलेले पहिले उत्तर त्यांना रोखता येते का, हे तपासण्यासाठी स्ट्रूप चाचणी आजही वापरली जाते.