लघुग्रह कुठला, हे तर नेवाडा!

अंतराळयान कोसळलंय. आठ जणांपैकी मोजकेच वाचलेत. पृथ्वीशी संपर्क तुटलाय. आजूबाजूला नुसते खडक, वाळू आणि डोक्यावर भाजून काढणारं ऊन. आपण कुठल्या तरी अनोळखी लघुग्रहावर अडकलोय, असा सगळ्यांचा समज. प्यायचं पाणी जेमतेम. कोरी नावाचा अंतराळवीर साधा हिशेब मांडतो : माणसं कमी झाली, की आपल्या वाटचं पाणी वाढेल. पाण्यासाठी तो सोबत्यांच्याच जिवावर उठतो. शेवटी एकटा उरतो, धापा टाकत टेकडी चढतो आणि पलीकडे बघतो तर काय? टेलिफोनचे खांब, रस्ता आणि रिनो शहर ९७ मैलांवर असल्याची पाटी! यान पृथ्वीवरच, अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात पडलेलं असतं.

स्पॉयलर दिला म्हणून रागावू नका. 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकन मालिकेचा हा एपिसोड १५ जानेवारी १९६० रोजी दाखवला गेला. नाव, 'आय शॉट अ‍ॅन अ‍ॅरो इन्टू द एअर'. मूळ कल्पना मॅडेलॉन चॅम्पियन यांनी गप्पांच्या ओघात सांगितलेली. ती ५०० डॉलर देऊन विकत घेणारा आणि एपिसोड लिहिणारा माणूस म्हणजे मालिकेचा कर्ताधर्ता रॉड सर्लिंग.

रॉडचा जन्म २५ डिसेंबर १९२४चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. लहानाचा मोठा झाला तो बिंगहॅम्टन या गावात. १९४३मध्ये शाळा संपली आणि पठ्ठ्या थेट सैन्यात भरती झाला. उंची कमी, पण हट्टाने पॅराट्रूपर बनला. फिलिपिन्समधल्या लेयटे बेटावर त्याची तुकडी डोंगरात, पावसा-चिखलात लढत होती. खाण्यापिण्याची चणचण होती. रसद यायची ती विमानातून टाकलेल्या खोक्यांतून. असंच एक खोकं अंगावर पडून त्याचा जवळचा मित्र त्याच्या डोळ्यांदेखत गेला. शत्रूची गोळी नाही, आपल्याच माणसांनी पाठवलेलं अन्न! रॉड स्वतःही जखमी झाला. युद्धाची भयानक स्वप्नं पुढे आयुष्यभर त्याच्या मागे लागली.

युद्धानंतर ओहायोमधल्या अँटिऑक कॉलेजात शिकताना तो लेखनाकडे वळला. खर्च भागवायला पॅराशूट टेस्ट करायचा, म्हणजे पुन्हा विमानातून उड्या! रेडिओसाठी लिहिलं, भरपूर नकार पचवले. जानेवारी १९५५मध्ये त्याचं 'पॅटर्न्स' हे नाटक टीव्हीवर लाइव्ह झालं आणि रॉड एका रात्रीत स्टार झाला. लोकांच्या आग्रहामुळे महिन्याभरात ते कलाकारांनी पुन्हा लाइव्ह करून दाखवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. गोऱ्या ज्युरीने दोन्ही गोऱ्या आरोपींना निर्दोष सोडलं. रॉड पेटून उठला. त्याने यावर टीव्ही नाटक लिहिलं, आणि स्पॉन्सर घाबरले. दक्षिणेकडचं गिऱ्हाईक तुटलं तर? कथेचं गाव उचलून थेट उत्तरेला न्यू इंग्लंडमध्ये नेलं. मारला गेलेला माणूस कृष्णवर्णीय राहिलाच नाही, कुठला तरी परदेशी झाला. सेटवरच्या कोका-कोलाच्या बाटल्याही काढल्या, कारण त्यावरून म्हणे दक्षिण आठवते! १९५८मध्ये त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच कात्री.

मग रॉडने वाट बदलली. आजच्या अमेरिकेतल्या गोऱ्या माणसाच्या तोंडी द्वेष घातला की स्पॉन्सर खवळतात, पण तेच मंगळावर किंवा परग्रहवासीयांच्या गोष्टीत दाखवलं की कुणी हरकत घेत नाही, हे त्याने ओळखलं होतं. २ ऑक्टोबर १९५९ रोजी 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली. त्याआधी माइक वॉलेस यांच्या टीव्ही मुलाखतीत, आता आपण वादग्रस्त काही लिहिणार नाही, असं तो सांगून बसला होता. आता गंभीर काही लिहिण्याचा नाद याने सोडला, असं अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात पाच सीझनमधल्या १५६ पैकी ९२ एपिसोड त्याने स्वतः लिहिले आणि त्यांत वंशद्वेष, युद्ध, अफवा, झुंडशाही, सगळं आलं. 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'मध्ये दिवे गेले म्हणून एका गल्लीतले शेजारी एकमेकांना परग्रहवासी ठरवून जिवावर उठतात. एलियन मात्र लांबून शांतपणे बघत असतात.

आता पुन्हा कोरीकडे बघा. आपण परक्या जगात आहोत, इथे पृथ्वीचे कायदे लागू नाहीत, असं त्याने गृहीत धरलं म्हणून त्याचं धाडस झालं. लेयटेच्या डोंगरात उपाशी माणसं जवळून पाहिलेल्या लेखकाला या विचारातली भीती कळत होती. १९६८च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या सिनेमाच्या पटकथेतही त्याचा वाटा होता. तिथेही अंतराळवीर परक्या ग्रहावर अडकतो आणि शेवटी वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्याला दिसतो.

मालिका १९६४मध्ये संपली. तिचे हक्क रॉडने विकून टाकले. ती पुढच्या पिढ्याही पाहतील, याचा त्याला अंदाज नसावा. नंतर तो इथाका कॉलेजात मुलांना लेखन शिकवायचा. सिगारेट मात्र सुटली नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतर २८ जून १९७५ रोजी तो गेला. वय अवघं ५०.

कोरीचा तो ब्लॅक अँड व्हाइट एपिसोड जेमतेम २५ मिनिटांचा आहे. शेवट माहीत असला तरी बघा. टेकडीपलीकडे काय आहे हे ठाऊक असताना पाण्याचा तो हिशेब ऐकणं जास्त अस्वस्थ करतं.