एकटीचे मत

जेनेट रँकिन यांचा जन्म १८८० साली अमेरिकेतील माँटाना या डोंगराळ प्रदेशात एका मळ्यावर झाला. थोरली मुलगी म्हणून धाकट्या भावंडांचा सांभाळ त्यांच्याच वाट्याला आला. पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या गावोगाव हिंडल्या. १९१४ साली माँटानात तो मिळाला. दोनच वर्षांनी त्या निवडून आल्या. अमेरिकेच्या काँग्रेसमधील त्या पहिल्या स्त्री सभासद! देशातील बहुतेक स्त्रियांना तेव्हा मतही देता येत नव्हते.

एप्रिल १९१७ मध्ये त्या सभागृहात आल्या आणि लगेच युद्धाचा प्रश्न पुढे आला. विरुद्ध मत देणाऱ्या पन्नास जणांत रँकिनबाई होत्या. पुढच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

१९४० साली त्या पुन्हा निवडून आल्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, पुन्हा तोच प्रश्न! युद्धाच्या बाजूने ३८८ मते पडली. विरुद्ध एकच, बाईंचे. हे मत बरोबर की चूक, याविषयी आजही दुमत होईल. पण ते देणे सोपे खासच नव्हते. सभागृहात धिक्कार झाला. बाहेर लोकांनी असे घेरले, की बाईंना टेलिफोनच्या खोलीत आसरा घ्यावा लागला. शेवटी पोलिसांनी त्यांना कचेरीत पोचविले.

गांधीजींच्या विचारांच्या ओढीने त्या पुढे अनेकदा भारतात आल्या. १९६८ साली व्हिएतनाममधील युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांचा मोर्चा निघाला. त्याच्या अग्रभागी सत्त्याऐंशी वर्षांच्या रँकिनबाई चालत होत्या.